पुस्तकातली वागणूक आणि जिन्यातली वागणूक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना वेळेअभावी गाळलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि खाली वडे तळायला घेतले आहेत असंही सांगून ठेवलं आहे. म्हणजे वक्त्याने वेळ पाळावी याची व्यवस्था चोख आहे.

विषय असा की, बाजारात ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘यशस्वी व्हा’ अशा पाट्यांखाली जी पुस्तकं मिळतात, त्यांतून आपल्या रोजच्या व्यवहाराला खरोखर काही मिळतं का? तरुण मंडळी याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. आमच्या वेळी याला ‘माणसं सांभाळून घेणं’ म्हणत आणि त्याचा वर्ग कुठे भरत नसे. ही पुस्तकं म्हटली की शिकलेला मराठी माणूस जरा नाक मुरडतो. कपाटात पु. ल. दर्शनी रांगेत आणि ही पुस्तकं मागच्या रांगेत, पाहुण्यांना दिसणार नाहीत अशी. स्टेशनवर व्हीलरच्या स्टॉलवर घ्यायची, गाडीत वाचायची आणि उतरताना सीटवर विसरायची, असा त्यांचा लौकिक.

मी मात्र १९७४ पासून ती वाचत आलो आहे. बी.कॉम. होऊन नुकताच बँकेत लागलो होतो. फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असायचे, त्यातून डेल कार्नेगीचं ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ तीन रुपयांना घेतलं. तेव्हापासून अशी साठ-सत्तर पुस्तकं तरी वाचली असतील. त्यातली निम्म्याहून अधिक टाकाऊ होती हे आधीच सांगून टाकतो. श्रीमंतीचा मनापासून विचार करा, पैसा चालत येईल, या जातीची पुस्तकं मी पंचवीस-तीस पानांवर ठेवून देतो. नेपोलियन हिलचं १९३७ सालचं पुस्तक हे या घराण्याचे आजोबा. मी छत्तीस वर्षं लोकांची खाती पाहिली. नुसत्या विचाराने आलेली रक्कम एकाही खात्यात जमा झालेली मला आढळली नाही.

माझी कसोटी साधी आहे. रात्री वाचलेली गोष्ट सकाळी दहा वाजता काउंटर उघडल्यावर वापरता आली पाहिजे. आली तर पुस्तक ठेवायचं, नाही तर रद्दीवाला आहेच.

कार्नेगी या कसोटीला उतरला, त्याला कारण आहे. हा माणूस प्राध्यापक नव्हता की मोठा उद्योगपती नव्हता. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत त्याने नोकरदार लोकांसाठी भाषणकलेचे रात्रीचे वर्ग सुरू केले. येणारे विक्रेते, कारकून, दुकानदार. त्यांना वक्ता व्हायचं नव्हतं, त्यांना साहेबाशी, गिऱ्हाइकाशी आणि घरी बायकोशी नीट बोलता यायला हवं होतं. या वर्गांत वर्षानुवर्षं जे उपयोगी पडलं, ते त्याने जमा करत नेलं. एका प्रकाशन संस्थेतले गृहस्थ त्याच्या वर्गाला बसले आणि त्यांनी याचं पुस्तक करा म्हणून आग्रह धरला. १९३६ साली ते आलं. म्हणजे चोवीस वर्षं वर्गात घासून मग छापलेला माल आहे तो.

त्याच्या पुस्तकातली सर्वांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे माणसाचं नाव लक्षात ठेवा. ऐकायला किती क्षुल्लक! पण बँकेत नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा याची किंमत कळते. नाशिकच्या शाखेत असताना एक निवृत्त मास्तर यायचे. हात थरथरायचा, सही नमुन्याच्या सहीशी जुळायची नाही. काउंटरवरचा पोरगा सगळ्यांदेखत म्हणायचा, “आजोबा, सही जुळत नाही, परत करा.” नियमाने त्याचं बरोबर होतं. पण मास्तर दुसऱ्यांदा करायला जात आणि ती आणखी बिघडे. आमच्याकडे एक हेडकॅशियर होते, जेमतेम मॅट्रिक. त्यांनी एकदा उठून जाऊन मास्तरांना नावाने हाक मारली, “या सर, आत बसा, बाहेर गारठा आहे, हात आखडतो.” चहा मागवला. दहा मिनिटांनी सही झाली आणि जुळली. सही तीच, माणूस तोच. मधे फक्त चार शब्द बदलले होते.

हेडकॅशियरांनी कार्नेगी वाचला नव्हता हे कबूल. काही माणसांना हे उपजत येतं. ती माणसं या पुस्तकांना हसतात आणि त्यांना तो अधिकार आहे. बाकीच्या आपल्यासारख्यांना मात्र शिकावं लागतं, आणि शिकायचं तर कोणीतरी ते सुटं करून, क्रमाने मांडून दाखवावं लागतं. पोहणाऱ्याला विचारलं, तुम्ही कसं पोहता, तर तो म्हणतो, उडी मारायची आणि पोहायचं. शिकवणारा वेगळा असतो.

आपल्याकडे हे शिकवणारे नव्हते असं मात्र नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांना दिला आहे, त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख येतो, आणि एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी तर अक्षर कसं काढावं, कागद-शाई कशी असावी इथपर्यंत सांगितलं आहे. मूर्खलक्षणांचा समास कोणी सवडीने वाचावा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या निदान अर्ध्या डझन मेसेजचे मूळ लेखक तिथे भेटतात.

ग्रुपचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो. १९८६ साली बँकेने आम्हाला ट्रेनिंग कॉलेजला पाठवलं, तिथे एरिक बर्न या मनोविकारतज्ज्ञाची मांडणी शिकवली. याचं ‘गेम्स पीपल प्ले’ हे पुस्तक १९६४ चं, आणि त्या काळी साहेब लोकांच्या टेबलावर ते असायचंच. बर्नचं म्हणणं असं की, प्रत्येकाच्या आत तीन माणसं बसलेली असतात : एक आई-बाप, एक लहान मूल आणि एक समंजस मोठा माणूस. आपल्यातला बाप बोलला, की समोरच्यातलं मूल उत्तर देतं. रडून किंवा लाथ झाडून.

आता हा मेसेज घ्या. “बी विंगसमोर गाडी कोणी लावली आहे? अक्कल गहाण ठेवली आहे का?” हा बाप बोलला. गाडीवाल्यातलं मूल लगेच जागं होतं, “तुमची गाडी कुठे असते ते आधी बघा.” मग चाळीस मेसेज, अंगठे, हात जोडलेली चित्रं, कोणी तरी ग्रुप सोडून जातो. आणि गाडी? गाडी तिथेच. तोच मेसेज असा केला, “४५१७ नंबरची पांढरी गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेत आहे, पाच मिनिटांत हलवता येईल का?” तर गाडी हलते. मी खजिनदार असताना थकबाकीची पत्रं याच नियमाने लिहायचो. व्याजाचा दर उपविधीप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत लावता येतो हे पत्रात असायचं, पण तिसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत रक्कम आणि तारीख, दुसऱ्या ओळीत “हिशेबात काही तफावत वाटल्यास संध्याकाळी सात ते आठ मी ऑफिसात आहे.” सातला येणारे बरेच होते. भांडायला म्हणून यायचे, आणि बसले की हळूहळू खरं कारण बाहेर यायचं.

बेंजामिन फ्रँकलिनविषयी थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या पुस्तकांचा मूळ पुरुष तोच. त्याचं आत्मचरित्र अठराव्या शतकातलं, पण विकत घ्यायला आजही सोपं. त्याने तेरा गुणांची यादी केली होती, आणि एका छोट्या वहीत दर आठवड्याला एकाच गुणाकडे लक्ष द्यायचं ठरवलं. चुकलं की त्या चौकटीत काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात बरोबर चार. बँकवाल्याला हा हिशेब फार आवडतो. यादीत आधी बाराच गुण होते. एका मित्राने त्याला सांगितलं की, बाबा रे, लोक तुला गर्विष्ठ समजतात. तेव्हा तेरावा गुण आला, नम्रता. आणि नम्रता अंगी आली की नाही याची खात्री नसताना त्याने निदान भाषा तरी बदलली. ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असले शब्द त्याने वापरायचे सोडले आणि ‘मला असं वाटतं’, ‘सध्या तरी असं दिसतं’ असं म्हणायला लागला. त्याचा अनुभव असा की, यामुळे त्याचं म्हणणं लोक लवकर ऐकू लागले, आणि कधी तो चुकीचा ठरलाच तर लाजही कमी वाटू लागली.

त्याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट आहे. विधिमंडळातला एक वजनदार सभासद त्याच्या विरोधात होता. फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही. त्याच्या संग्रहात एक दुर्मीळ पुस्तक आहे असं कळल्यावर चिठ्ठी पाठवून ते काही दिवसांसाठी वाचायला मागितलं, आणि आठवड्याभरात आभाराच्या पत्रासह परत केलं. पुढच्या वेळी तो गृहस्थ आपण होऊन बोलायला आला आणि पुढे कायमचा मित्र झाला. उपकार करून माणूस जितका जोडला जातो, त्यापेक्षा कधीकधी उपकार मागून जास्त जोडला जातो.

हा प्रयोग आपल्या सोसायटीत झालेला आहे. आपले एक सभासद दरवर्षी सर्वसाधारण सभेत हिशेबावर उभे राहायचे. नाव घेत नाही, ते हसताहेत, म्हणजे परवानगी आहे. वीज बिल का वाढलं, टँकरचे पैसे कुठल्या महिन्याचे, स्टेशनरी इतकी कशी? गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झालेली सभा यांच्या प्रश्नांनी रात्री अकरापर्यंत जायची. मी खजिनदार झाल्यावर सभेच्या एक महिना आधी व्हाउचरांच्या तिन्ही फायली घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, “मला मदत हवी आहे, तुमची नजर बारीक आहे, ऑडिटरकडे जाण्याआधी एकदा पाहून द्या.” त्यांनी आठ दिवस घेतले. तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या, त्यातल्या दोन अगदी रास्त होत्या. लिफ्टच्या देखभालीचं एक बिल दोनदा आलेलं त्यांनीच पकडलं. त्या वर्षी सभा साडेनऊला संपली. पुढे सलग सहा वर्षं ते आपले अंतर्गत हिशेब तपासनीस होते, आणि तेही विनामूल्य.

स्टीफन कोवीच्या ‘सात सवयीं’बद्दल फार बोलत नाही. १९८९ चं पुस्तक, इथल्या बऱ्याच तरुणांना कंपनीने वाचायला लावलेलं आहे. त्यात ‘भावनिक बँक खातं’ अशी कल्पना आहे : चांगल्या वागण्याचे भरणे करत राहायचं, म्हणजे गरजेच्या वेळी काढता येतं. कल्पना चांगली. बँकवाला म्हणून त्याला एकच पुरवणी जोडतो. या खात्याचं पासबुक समोरच्या माणसाकडे असतं. आपल्याला वाटतं शिल्लक भरपूर आहे, आणि तिकडे ओव्हरड्राफ्ट चालू असतो.

आता ज्या पुस्तकासाठी मी हे भाषण स्वीकारलं त्याकडे येतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या वाटाघाटींच्या अभ्यासप्रकल्पातून रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली ‘गेटिंग टू येस’ हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा इतकाच : माणूस जे मागतो ते वेगळं, आणि ते तो का मागतो ते वेगळं. मागण्या टकरावतात. मागण्यांच्या मागच्या गरजा पुष्कळदा टकरावत नाहीत. त्यांनी एका ग्रंथालयाचा दाखला दिला आहे. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. अर्धी उघडा, पाव उघडा, यावर दोघांचं जुंपलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, का? एकाला हवा हवी होती, दुसऱ्याला अंगावर झोत नको होता. बाईंनी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली.

आपल्याकडे खिडकी नव्हती, नहाणी ट्रॅप होता. दोन्ही घरांना विचारून सांगतो आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्यावर गळती. खालच्यांचं म्हणणं, “बाथरूम तोडा, आत्ता.” वरच्यांचं म्हणणं, “माझ्या फरशीला हात लावायचा नाही.” आतल्या गळतीचा खर्च सभासदांनी करायचा हे उपविधीत आहे, पण उपविधी दाखवून गळती थांबत नाही. चार वर्षं पत्रं गेली, नोटिसा गेल्या, एकाच जिन्यातून जाणारी दोन कुटुंबं एकमेकांकडे न पाहता वर-खाली करत होती. मुलं एका शाळेच्या बसने जायची आणि थांब्यावर दोन टोकांना उभी राहायची. मला त्या मुलांचंच जास्त वाटायचं.

तेव्हा आपल्या सेक्रेटरी होत्या त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी दोघांना एकत्र बोलावलंच नाही. आधी वर गेल्या, तासभर बसल्या, आणि गळतीचा विषय काढला नाही. घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. कमोड असलेलं ते एकच बाथरूम. काम आठ-दहा दिवस चालणार, तेवढे दिवस आईला कुठे नेणार? हे त्या गृहस्थांनी चार वर्षांत कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. आईची अडचण पत्रात लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. मग बाई खाली गेल्या. खालच्यांच्या मुलीचा साखरपुडा दोन महिन्यांवर आला होता, पाहुणे घरी येणार आणि हॉलच्या शेजारच्या भिंतीला बुरशी. त्यांना वरच्यांना धडा वगैरे शिकवायचा नव्हता, त्यांना भिंत कोरडी हवी होती.

बाकीचं एका आठवड्यात झालं. वरच्या मजल्यावरच्या शेजारच्या घराने आपलं एक बाथरूम दहा दिवस आजींना दिलं. प्लंबरने रंगीत पाणी सोडून पाहिलं, तर दोष सगळ्या फरशीत नव्हताच, नहाणी ट्रॅपच्या जोडात होता. तेवढाच भाग फोडला, वॉटरप्रूफिंग केलं, पाणी दोन दिवस साठवून ठेवून खात्री केली आणि फरशी बसवली. काम पाच दिवसांत उरकलं. साखरपुड्याला वरच्या आजींना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, ते फोटो या अंकात कुठेतरी असतील.

मी बाईंना विचारलं, तुम्ही फिशर-युरी वाचलंत का? त्या म्हणाल्या, “मी एकतीस वर्षं सातवी ड सांभाळली आहे.”

मंडळी, हे सगळं आत्ता सांगायचं कारण तुम्हाला माहीत आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा विशेष सर्वसाधारण सभा तोंडावर आलेली असेल. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. यंदाच्या अहवालाने गच्ची, बाहेरचं प्लास्टर, काही कॉलम आणि दोन्ही लिफ्ट असं मोठं काम सांगितलं आहे. सिंकिंग फंड आपण नियमाने दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का घेतला, पण तो खर्च पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावाचा. त्या फंडातून आजचं काम होणार नाही. छप्पन्न घरांपैकी प्रत्येकाला साधारण एक लाख पंधरा हजार द्यावे लागतील.

गेल्या महिन्यात कट्ट्यावर, लिफ्टमध्ये, ग्रुपवर मी जे ऐकतो आहे ते असं : “आत्ता कशाला? इमारत चांगली तर आहे.” “ऑडिटरचं कंत्राटदाराशी साटंलोटं आहे.” “आधी थकबाकी वसूल करा, मग बघू.” आणि दुसऱ्या बाजूने, “यांना फुकटात राहायची सवय झाली आहे.” हे शेवटचं वाक्य मला फार लागलं, आणि ते मला उद्देशून नव्हतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी १९८१ ते ८४ शेती अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जं वाटलेली, आणि वसुलीला राजदूत मोटरसायकलवरून गावोगाव हिंडायचं. एका वस्तीवर एक शेतकरी दर वेळी नवं कारण सांगायचा. पुढच्या बाजाराला देतो. पाहुणे आले होते. तुमच्या साहेबाने जास्त व्याज लावलंय. सहकारी म्हणाले, हा बुडवणार, नोटीस काढा. एकदा दुपारी मी त्याच्या गोठ्यापाशी बसलो आणि विचारलं, “म्हैस दूध किती देते?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हस आटलीया सायेब, तीन महिनं झालं.” तीन महिने घरात दुधाचा पैसा नव्हता. व्याजाबद्दलची तक्रार, पाहुणे, बाजार, सगळं त्या एका वाक्यावर टाकलेलं पांघरूण होतं. म्हैस गाभण होती. मॅनेजरसाहेबांनी हप्ते विण्याच्या पुढे ढकलून दिले आणि त्याने पुढे सगळं कर्ज फेडलं.

‘माझ्याकडे आत्ता पैसे नाहीत’ हे वाक्य उच्चारायला फार जड आहे, मंडळी. पंचवीस वर्षं ज्या शेजाऱ्यांसमोर आपण मान वर करून राहिलो, त्यांच्या सभेत उभं राहून तर त्याहून जड. आपल्यापैकी काही जण कुटुंब निवृत्तिवेतनावर आहेत. काही जणांची ठेव डायलिसिसमध्ये गेली. काही तरुण जोडप्यांचा अर्धा पगार घराच्या हप्त्यात जातो, आणि ती जोडपी मोटारीतून फिरतात म्हणून त्यांच्याकडे पैसा आहे असं आपण धरून चालतो. ही माणसं सभेत ‘पैसे नाहीत’ म्हणणार नाहीत, ती म्हणतील, ‘इमारत चांगली आहे’. आपण इमारत चांगली नाही हे त्यांना ऑडिटरचा अहवाल दाखवून सिद्ध करत बसू, आणि ती आणखी चिडतील. दुसरीकडे ज्यांच्या खोलीच्या छताचा गिलावा रात्री पलंगावर पडला आहे, त्या वरच्या मजल्यावरच्या लोकांची घाई ही श्रीमंती मिजास नव्हे. त्यांना या पावसाळ्याआधी गच्ची हवी आहे. इतकीच त्यांची गरज आहे.

‘गेटिंग टू येस’मध्ये आणखी एक सूचना आहे : माणसांवर वाद घालू नका, दोघांनाही मान्य होईल असं बाहेरचं मोजमाप शोधा. ऑडिटरवर विश्वास नसेल तर दुसऱ्या अभियंत्याकडून फक्त कॉलमची तपासणी करून घेता येईल, तो खर्च आपल्या कामाच्या मानाने किरकोळ आहे. कंत्राटदाराची तीन सीलबंद दरपत्रकं सभेतच उघडता येतील. वर्गणी घरटी सारखी की क्षेत्रफळावर, हा प्रश्न आवाजाने सुटणार नाही. दोन्ही पद्धतींचे आकडे कागदावर प्रत्येकाच्या हातात आधी चार दिवस पडू द्या.

आणि सभेत दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याआधी ते त्याच्याच शब्दांत एकदा सांगून दाखवायचं, एवढा नियम अध्यक्षांनी घालावा अशी माझी विनंती आहे. कोवीपासून फिशरपर्यंत सगळे हे सांगतात, आणि करून पाहिलं की कळतं, किती अवघड आहे. घरी आधी सराव करावा. बायकोचं म्हणणं तिच्याच शब्दांत सांगून पाहा. ती “हो, हेच म्हणत होते मी” असं म्हणाली, की तुम्ही सभेला यायला तयार.

एक सावधगिरीही सांगतो. ही पुस्तकं अमेरिकेतली आहेत. तिथे तोंडभर स्तुती खपते. आपल्याकडे शेजाऱ्याने अचानक “तुमचा स्वभाव किती छान आहे हो” म्हटलं, तर आपण आधी पाकीट चाचपतो. “तुमची भावना मी समजू शकतो” हे कॉल सेंटरच्या सुरातलं वाक्य तर सभेत कोणी उच्चारू नये, त्याने रक्तदाब वाढतो. भाषा आपली ठेवा. “बसा, चहा घ्या, मग बोलू” यात कार्नेगीचं एक प्रकरण मावतं.

सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्याशी मी बोललो आहे आणि त्यांनी एक गोष्ट मान्य केली आहे. सभेच्या सूचनेबरोबर प्रत्येक घरात एक कोरा लिफाफा येईल. ज्यांना वर्गणी एकरकमी जमणार नाही त्यांनी आत एवढंच लिहायचं : दरमहा किती जमेल आणि कुठल्या महिन्यापासून. कारण लिहायचं नाही. बाहेर फक्त फ्लॅट नंबर. लिफाफे खजिनदार एकटे उघडतील आणि सभेपुढे फक्त एकूण आकडा येईल, किती घरं, किती महिने. त्यावरून कंत्राटदाराचे हप्ते ठरवता येतील. कोणाचाही लिफाफा रिकामा आला तरी तो परत करावा, म्हणजे कोणी भरला आणि कोणी नाही हे पेटीत टाकताना दिसणार नाही. पेटी ऑफिसच्या दाराशी असेल, सभेच्या आधीच्या रविवारपर्यंत.

मी आज नावं घेतली ती पुस्तकं ऑफिसातल्या कपाटात खालच्या खणात ठेवली आहेत. किल्ली वॉचमनकडे आहे, वहीत नाव आणि तारीख लिहून न्यायचं. फ्रँकलिन सध्या जागेवर नाही. तो बी विंगमध्ये आपल्या जुन्या हिशेब तपासनिसांकडे आहे आणि त्यांनी पेन्सिलने खुणा करायला घेतल्या आहेत.